नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



पावसाळा संपता संपता पनवेलला खांदा कॉलनीतील एका घरी नामकरणविधीचे निमंत्रण होते. पाळणा सजलेला, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लावलेल्या, घुगऱ्यांचे पातेले झाकून ठेवलेले. त्रिशरण-पंचशील झाले. आता आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचे, तर नावच ठरलेले नाही! आत्याला 'सिद्धार्थ' हवे होते. बाळाची आई म्हणाली, आमच्या इमारतीत आधीच तीन सिद्धार्थ आहेत. खाली उभे राहून हाक मारली तर तीन खिडक्या उघडतात. बापाने मोबाइलवर चाळीस नावांची यादी काढून ठेवली होती. सगळी अशी की पनवेलमध्ये त्या नावाचा दुसरा मुलगा सापडू नये. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन त्याने मनातली गोष्ट सांगितली. भाड्याचे घर पाहायला गेले की आधी आडनाव विचारतात, मग मुलांची नावे विचारतात, आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगतात. "नावावरून ओळखता येऊ नये, एवढंच पाहिजे सर," तो म्हणाला.

कोपऱ्यात बाळाची पणजी बसली होती. तिचे स्वतःचे नाव दगडावरून ठेवलेले. साठी उलटल्यावर प्रौढ साक्षरता वर्गात जाऊन तिने अक्षरे शिकली आणि पहिल्यांदा लिहिले ते तेच नाव. सगळा वाद ऐकून ती हसली आणि म्हणाली, "आमच्या वेळी कुणी यादी नव्हती केली बाबा. आधीची दोन गेली, म्हणून मला दगूड केली."

एका घरात चार पिढ्या आणि नावाच्या चार तऱ्हा. पणजी दगड, आजोबांचे नाव धर्मांतरानंतरचे, बापाचे नाव शहरातले, आणि बाळासाठी कोणाचेच नसलेले नाव हवे. हे असे का होते, कालचे विचित्र नाव आज सर्वांचे कसे होते आणि उद्या कोणालाच का नको होते, याचा या पाठात विचार करावयाचा आहे. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांकडून 'आता मुलांची नावे कोणती ठेवावीत' हा प्रश्न वारंवार येतो, त्यामुळे हा विषय केवळ गमतीचा नाही.

प्रथम जुन्या नावांकडे पाहू. दगडू, धोंडू, कचरू, उकिरडा, भिकू, केरू, आणि मुलींत दगडाबाई, धोंडाबाई, नकुशी. ही नावे आपल्याला अपमानास्पद वाटतात आणि ती होतीही. पण त्यांच्या मागे कारणे दोन होती आणि त्यांची गल्लत करू नये. एक कारण मृत्यूचे. पूर्वी पाळण्यातली मुले देवी, पटकी, हगवण, ताप यांनी भराभर जात. दोन-तीन मुले गेली की पुढच्याचे नाव असे ठेवीत की मृत्यूने किंवा दृष्टीने त्याच्याकडे पाहूही नये. दगड कोण उचलून नेणार? कचरा कोण चोरणार? ही भीती सर्व जातींत होती. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे आणि १९५८ साली भारतरत्न मिळालेले महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. तेही कोकणातलेच, जन्म १८५८ चा. त्यांच्या नावातही धोंडाच आहे.

मग फरक कोठे होता? तो नावाच्या शेपटीत होता. तोच धोंडा एका घरी 'धोंडोपंत' झाला, दुसऱ्या घरी 'धोंडीराव' झाला, आणि वेशीबाहेर 'धोंड्या' झाला. आपल्या वाडवडिलांना 'राव' आणि 'पंत' लागले नाहीत; 'या' लागला. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला गावातले शेंबडे पोर 'अरे धोंड्या' म्हणून हाक मारी आणि म्हाताऱ्याने 'जी' म्हणावे अशी रीत होती. शब्द तोच, पण हाक मारणाऱ्याचा अधिकार वेगळा. हे दुसरे कारण, आणि ते मृत्यूच्या भीतीचे नाही, माणसाच्या सत्तेचे आहे.

या सत्तेला शास्त्राचाही आधार होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियमच घालून दिला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक, आणि शूद्राचे मात्र निंद्य असावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे मूल जन्माला येऊन बारा दिवस झाले नाहीत तोच त्याच्या कपाळी त्याची पायरी लिहून ठेवावयाची. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, हे आपण सर्व जाणतो. महाड आणि पनवेल एकाच जिल्ह्यातली. तेव्हा कुलाबा म्हणत, १९८१ पासून रायगड. त्या अग्नीची चर्चा पाण्याच्या आणि स्पर्शाच्या संदर्भात होते. त्या पानांत आपल्या आजोबा-पणजोबांची नावेही जळत होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. पहिले आईबाप करतात, दुसरे निंदक करतो. आपल्या समाजाच्या बाबतीत शेकडो वर्षे हे अंतर उरलेच नव्हते.

परंतु जुनी नावे सगळीच अशी होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. चौदाव्या शतकातील चोखामेळ्याचे घर पाहा. बायको सोयरा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. 'सोयरा' म्हणजे नात्याची, आपली. 'निर्मळा' म्हणजे जिला मळ नाही अशी. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्यांच्या घरी हे नाव होते. पुढे भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभावरील नावे पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांच्या त्या यादीत अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती महार शिपायांची खूण. त्या काळच्या फौजेत हे 'नाक' सर्रास आढळे. आज महाराष्ट्रात पाळण्यातल्या कोणत्या बाळाच्या नावाला 'नाक' लागते? एक संपूर्ण प्रत्यय शंभर-सव्वाशे वर्षांत नाहीसा झाला, आणि तो कोणी कायदा करून बंद केला नव्हता.

'बा' हा प्रत्ययही असाच गेला. पनवेलकरांना सोनबा येलवे यांची आठवण सांगावयास नको. बाबासाहेबांना या वाटेवर प्यायला पाणी मिळाले नाही हे कळल्यावर पाण्याचे मडके भरून त्यांची वाट पाहत बसणारा हा माणूस. ही हकिकत सांगताना आजही लोकांचे डोळे भरून येतात. पण त्याच लोकांना विचारावे, आपल्या नातवाचे नाव 'सोनबा' ठेवाल काय? कोणी ठेवणार नाही. घरात 'सोनू' म्हणतील. आदर एका बाजूला आणि कानाची आवड दुसऱ्या बाजूला, हे येथे उघड दिसते.

आता १९५६ कडे येऊ. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या आजच्या प्रदेशात बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. इतक्या थोड्या अवधीत इतक्या घरांनी धर्म बदलल्याची उदाहरणे जगात थोडी. या घरांत पुढे जी मुले जन्मली त्यांची नावे काय ठेवावीत, याची आज्ञा कोणी दिली नव्हती. बावीस प्रतिज्ञांत नाव बदलण्याची अट नाही. खुद्द बाबासाहेबांनी आपले नाव बदलले नाही. ते भीमराव रामजीच राहिले. 'भीम' महाभारतातला आणि 'रामजी' मध्ये बसलेला. राम-कृष्णांना देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा देणाऱ्याच्या स्वतःच्या नावात वडिलांचे नाव रामजी होते, आणि त्यांना त्याचा संकोच वाटला नाही. ज्या नवदीक्षित बंधूंची स्वतःची नावे जुन्या देवदेवतांवरून आहेत आणि जे त्यामुळे अवघडून बसतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आज 'भीम' म्हटले की महाराष्ट्रात कितीजणांना गदा आठवते? नावाला अर्थ धरणाऱ्यापासूनही मिळतो.

आज्ञा नव्हती, तरी दिशा मिळाली होती. ती बाबासाहेबांनी इमारतींना दिलेल्या नावांतून मिळाली, असे मला वाटते. दादरच्या आपल्या घराला त्यांनी 'राजगृह' म्हटले. १९४६ साली मुंबईत सुरू केलेल्या महाविद्यालयाला 'सिद्धार्थ' नाव दिले. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, काढलेल्या महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' नाव मिळाले आणि त्या परिसराला 'नागसेनवन'. 'जनता' पत्राचे १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. भदंत नागसेनांना त्याने प्रश्न विचारले आणि त्यांचा 'मिलिंदपञ्ह' ग्रंथ झाला. एरव्ही असले नाव पाली जाणणाऱ्या पंडितांपलीकडे कोणाच्या तोंडी आले असते? पण ते कॉलेजच्या पाटीवर आले, दाखल्यावर आले, वसतिगृहातून आलेल्या मुलाच्या पत्रावर आले, आणि तेथून पाळण्यात आले. खेड्यातल्या आईला त्या ग्रंथाची माहिती नसेल. मिलिंद म्हणजे जेथे आपली मुले शिकतात ते ठिकाण, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

अशा रीतीने सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक, मिलिंद, नागसेन, महेंद्र ही नावे आली. मुलींत सुजाता, यशोधरा, महामाया, गौतमी, संघमित्रा, विशाखा. या नावांत दोन थर आहेत. अशोक आणि आनंद ही नावे देशात आधीपासून रुळलेली होती. ती ठेवणाऱ्याकडे कोणी वळून पाहिले नाही. नागसेन, संघमित्रा, महामाया ही नावे मात्र शेजाऱ्यांना नवी होती. शाळेत हजेरी घेताना गुरुजी अडखळत. 'राहुल' या दोहोंच्या मध्ये होते. केदारनाथ पांडे नावाच्या पंडिताने १९३० साली सिंहलद्वीपात भिक्षुदीक्षा घेऊन 'राहुल सांकृत्यायन' हे नाव धारण केले, तेव्हा ते नाव बहुतेकांना ग्रंथांतलेच वाटत असे.

मग पुढे काय झाले? ही अनोळखी नावे आपल्या वस्तीच्या कुंपणात राहिली नाहीत. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' चित्रपट आला. त्याची नायिका ब्राह्मण घरी वाढलेली अस्पृश्य मुलगी, आणि ते नाव देशभर ऐकले गेले. मिलिंद हे नाव पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत शिरले, इतके की पुढच्या पिढीला ते मूळचे कोठले याची कल्पनाही राहिली नाही. गौतम आणि सिद्धार्थ ही नावे जैनांनाही परकी नव्हती, कारण महावीरांच्या पित्याचे नाव सिद्धार्थ आणि त्यांच्या पट्टशिष्याचे गोत्रनाम गौतम. त्यामुळे ती चटकन पसरली. राहुलची तर लाटच आली. १९७३ साली जन्मलेला क्रिकेटपटू राहुल द्रविड मराठी घरातलाच. १९९७ चा 'दिल तो पागल है' आणि १९९८ चा 'कुछ कुछ होता है', दोहोंच्या नायकाचे नाव राहुल. ज्या नावाला गुरुजी अडखळत होते ते चाळीस वर्षांत वर्गातले सर्वांत साधे नाव झाले.

काही कार्यकर्त्यांना याचे वाईट वाटते. 'आपली नावे त्यांनी उचलली, आता आपली ओळख काय राहिली?' असे ते म्हणतात. मला उलट वाटते. ज्यांच्या विहिरीला आपल्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांनी आपल्या पाळण्यातले नाव उचलून आपल्या पाळण्यात घातले. हे समतेचे मोठे काम झाले असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. नाव घेणाऱ्याने मन बदलले असे सिद्ध होत नाही. पण 'धोंड्या' म्हणवून घेणाऱ्यांच्या नातवांची नावे इतरांनी अनुकरणीय मानली, ही गोष्ट लहान नाही.

नावांचा हा चढ-उतार केवळ आपल्याकडचा नाही. आपल्याकडे जन्मनोंदीतून दरवर्षी नावांची क्रमवारी छापण्याची पद्धत नाही, पण अमेरिकेत १८८० पासूनच्या याद्या उपलब्ध आहेत. १८८० साली तेथे जन्मलेल्या दर शंभर मुलांत आठ 'जॉन' होते आणि दर शंभर मुलींत सात 'मेरी'. आता तेथे पहिल्या क्रमांकाचे नावही शंभरात जेमतेम एकाला मिळते. म्हणजे पूर्वी चारचौघांसारखे नाव असणे ही रीत होती. आता चारचौघांहून वेगळे असणे हीच रीत झाली आहे. सगळेच वेगळे होऊ पाहतात, त्यामुळे वेगळेपणही सगळ्यांचे सारखेच दिसते. जोना बर्जर आणि गाएल ल मां या दोन अभ्यासकांनी २००९ साली फ्रान्स आणि अमेरिकेतील नावे तपासून दाखविले की जे नाव झपाट्याने चढते ते झपाट्याने उतरते. लोकांना ते क्षणिक टूम वाटू लागते. याचे एक उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. १९७७ साली अमेरिकेत 'रूट्स' ही दूरचित्रवाणी मालिका गाजली. गुलाम म्हणून आणलेल्या कुंटा किंटेची ती कथा. त्याच्या मुलीचे नाव 'किझी'. त्या वर्षी तेथे एकदम कितीतरी मुलींची नावे 'किझी' ठेवली गेली, आणि थोड्याच वर्षांत ते नाव ओसरले. आमचा मिलिंद मात्र टिकला. त्याच्या मागे मालिका नव्हती, शाळा-कॉलेज होते.

उतरण्याचे कारण फार गूढ नाही. मुलाला आपल्या बापाच्या पिढीचे नाव जुनाट वाटते. सिद्धार्थ आणि राहुल आता काकांची नावे झाली आहेत. म्हणून नव्या बौद्ध घरांत सम्यक, प्रबुद्ध, संबोधी, प्रज्ञा, मैत्रेय, धम्मदीप, शाक्य, अशी नावे ऐकू येतात. राजपुत्रांच्या नावांकडून धम्मातील संकल्पनांच्या नावांकडे हा प्रवास झाला, आणि तो चांगला आहे. एका बाबतीत मात्र माझा आक्षेप आहे. मुलाचे नाव 'तथागत' ठेवू नये. भगवंतांनी जो शब्द स्वतःसाठी वापरला, तो घेऊन आई ओरडते, "तथागत, आधी शेंबूड पूस!" वंदना म्हणताना मग हसू आवरत नाही. हे माझे मत झाले. कोणाच्या घरी हे नाव आधीच असेल तर त्या बाळावर प्रेमच करावे.

याहून गंभीर गोष्ट अक्षराची आहे. दीक्षा झाली, घरातले देव विसर्जित झाले, तरी बाळ जन्मले की कोणी मावशी हळूच विचारते, "अक्षर कोणतं आलं?" पंचांगात सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण करून एकशे आठ अक्षरे वाटून दिली आहेत. जन्मवेळेचे नक्षत्र पाहून त्या अक्षरावर नाव ठेवावयाचे. आर्द्रेच्या एका चरणाला 'ङ', हस्ताच्या एकाला 'ण' आणि उत्तरा भाद्रपदेच्या एकाला 'ञ' आला आहे. या अक्षरांनी सुरू होणारा मराठी शब्द कोणी सांगावा! ज्या कोष्टकाला स्वतःच्या अक्षरांनी नाव देता येत नाही, त्याच्या हाती आपण मुलाचे नाव का द्यावे? विचित्र, अर्थहीन नावांचा निम्मा शोध या अक्षरापायीच चालतो. उरलेला निम्मा मोबाइलवरच्या याद्यांमुळे. तेथे कोणत्याही आवाजाला 'सूर्यकिरण' किंवा 'देवाचा अंश' असा अर्थ चिकटवलेला असतो. असे नाव ठेवण्यापूर्वी ते निदान एका शब्दकोशात पाहावे.

पनवेलच्या त्या बापाचा प्रश्न मात्र फॅशनचा नव्हता. त्याला नाव दुर्मीळ नको होते, लपायला हवे होते. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. घर न मिळण्याचा अनुभव त्याचा आहे, माझा नाही. मी त्याला एवढेच विचारले की नाव लपविलेस तर आडनाव काय करशील, आणि भिंतीवरच्या या दोन प्रतिमा घरमालक पाहायला आला की कोठे ठेवशील? तो गप्प राहिला. घर नाकारणाऱ्याचा दोष आठवड्याच्या बाळाच्या नावावर आपण घालतो, हे त्यालाही पटत नव्हते. पण पटणे वेगळे आणि महिन्याच्या अखेरीस खोली खाली करावी लागणे वेगळे.

त्या दिवशी मी तेथे नामसिद्धी जातकाची गोष्ट सांगितली. तक्षशिलेला एका आचार्यांकडे 'पापक' नावाचा विद्यार्थी होता. त्याला आपले नाव नकोसे झाले. आचार्य म्हणाले, देशात फिर आणि आवडेल ते नाव शोधून ये. तो निघाला. एका गावी प्रेतयात्रा दिसली. मेलेल्याचे नाव विचारले तर 'जीवक'. पुढे एका दासीला कमाई आणली नाही म्हणून दोरीने मारीत होते. तिचे नाव 'धनपाली'. आणखी पुढे वाट चुकलेला माणूस भेटला; त्याचे नाव 'पंथक'. पापक परत आला आणि आपलेच नाव बरे म्हणाला. नाव ही केवळ ओळखण्याची खूण, तिच्याने काही सिद्ध होत नाही, असा या जातकाचा रोख. वासेट्ठ सुत्तातही भगवंतांनी नाव-गोत्राला लोकांनी ठिकठिकाणी लावलेली संज्ञा असेच म्हटले आहे.

गोष्ट सुंदर आहे, पण ती अपुरी आहे असे मी तेथे म्हणालो आणि येथेही म्हणतो. पापकाला त्याच्या नावामुळे विहिरीवरून हाकलले नव्हते. नाव ही केवळ खूण असेल, तर ती खूण कोणी आणि कशासाठी लावली हे विचारावेच लागते. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्याला 'नकुशी', 'नकोसा' अशा नावांच्या २८५ मुलींना सरकारी समारंभात नवी नावे देण्यात आली. त्या मुलींना पापकाची गोष्ट सांगून घरी पाठवणे शहाणपणाचे झाले असते काय? २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तोही याच कारणाने.

तेव्हा पणजीबाईंनी एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. "तुमच्या पुस्तकात आमच्यासारख्याचं नाव नाय का? समदे राजेच हायत?"

खरेच, आपण नावे निवडली ती बहुतेक राजवाड्यातली. सिद्धार्थ, यशोधरा, राहुल, महामाया, अशोक, मिलिंद, महेंद्र, संघमित्रा: सगळे राजघराण्यातले. पिढ्यान्पिढ्या केर आणि धोंडे म्हणवून घेतल्यावर पहिल्या पिढीने राजपुत्राचे नाव घ्यावे हे स्वाभाविक होते. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पददलितांच्या दीक्षेचे स्वतंत्र प्रकरण केले आहे, ते उघडून पाहावे. त्यात उपाली आहे. तो शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्रांनी आपला अहंकार मोडावा म्हणून त्याला आपल्या आधी दीक्षा द्यायला लावली, आणि मग त्याला वंदन केले. पहिल्या संगीतीत विनयाचे पठण त्यानेच केले. त्यात सोपाक आहे. हा शब्द मूळचा 'श्वपाक', कुत्र्याचे मांस शिजविणारा, म्हणजे जातीची शिवीच. पण थेरगाथेत तो त्याच नावाने उभा आहे. आणि त्यात सुनीत आहे. राजगृहाचे रस्ते झाडणारा. भगवान येताना पाहून तो अंग चोरून भिंतीला लागून उभा राहिला, आणि भगवंतांनी त्याला जवळ बोलावून भिक्षू करून घेतले. गंमत अशी की 'सुनीता' नावाच्या मुली आपल्या प्रत्येक आळीत आहेत, 'सुनीत' मात्र शोधावा लागतो. सुजाता या नावाचा अर्थ 'चांगल्या जन्माची', म्हणजे त्यात जन्माचा अभिमान आहे. सुनीत म्हणजे 'चांगल्या वाटेने नेलेला', त्यात जन्म कोठेच येत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी. नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही. बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे सर्वत्र जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे, म्हणून अक्षरे तपासून घ्यावीत. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते. भीमाबाईंचे नाव बाबासाहेबांच्या कोणत्याही दाखल्यावर मध्ये आले नव्हते; आता आपल्या लेकीसुनांचे येते.

त्या दिवशी नाव ठरलेच नाही. आत्याने बाळाच्या कानात नुसतेच कुर्र केले, घुगऱ्या वाटल्या, आणि आम्ही उठलो. दोन महिन्यांनी बापाचा निरोप आला की महापालिकेत नाव नोंदवायला चाललो आहोत, वाटेत आहात तर या. मी पोचलो तेव्हा खिडकीशी पणजीबाईही उभ्या होत्या. कारकुनाने अर्ज पाहिला आणि विचारले, "सुनीता का? मुलगी लिहू?"

"मुलगा," बाप म्हणाला. "सुनीत."

पणजीबाईंनी खिडकीतून बोट आत घालून कागदावर ठेवले. "त ला काना नाय."